ओल्या दगडाला मोठी आच

तिला कारखान्यात सगळे भट्टी म्हणत. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर ती 'ताई' होती, आणि मोठ्या भावाच्या बायकोसाठी 'वन्सं'. पण ती सकाळी अर्धवट उघडलेल्या शटरखालून वाकून आत शिरली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "आली भट्टी," आणि जो तो आपल्या कामात असा काही बुडून जायचा की बघणाऱ्याला वाटावं, काय मन लावून काम करतात हो इथली माणसं. मन लावून कुठलं? जीव मुठीत धरून करत होती.

एक मात्र आधीच सांगायला हवं. तिचा राग खोटा नव्हता. काहींचा राग खुर्चीबरोबर येतो आणि खुर्चीबरोबर जातो, त्याला कुणी विचारत नाही. हिच्या रागाला कारण होतं, आणि ते कारण रोज तिच्यासमोर स्टुलावर बसून दगडाचे खडे चाळत असे. ते कारण म्हणजे वहिनी.

वहिनीचं बाळंतपण जवळच्याच दवाखान्यात झालं. मुलगी झाली, धडधाकट, घर डोक्यावर घेणारी. पण वहिनीचं रक्त थांबेना. रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं. पुन्हा दिलं. काही उपयोग झाला नाही, कारण आदल्या दिवशी वीज गेली होती आणि फ्रिज दिवसभर बंद होता. ते औषध गारच ठेवावं लागतं. तापलं की मरतं, आणि मेल्यावर हुबेहूब जिवंतासारखं दिसतं. तीच बाटली, तेच लेबल, आत तेच स्वच्छ पाणी. मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत वहिनीच्या अंगातलं बहुतेक रक्त गाडीच्या सीटवर सांडलं होतं. ती वाचली. तिचं गर्भाशय मात्र काढावं लागलं.

आणि मागाहून कळलं ते असं, की फ्रिज बंद होता हे नर्सला ठाऊक होतं. तिनं सकाळी दार उघडलं तेव्हा आतून गरम हवा आली होती. पण तेव्हाचे मोठे डॉक्टर भयंकर तापट. काही बिघडलं म्हणून सांगायला जावं तर सांगणाऱ्यालाच फाडून खात. म्हणून नर्स मूग गिळून बसली.

"फ्रिज बंद होता," भट्टी म्हणायची. "तीन शब्द! तीन शब्द बोलायला हिच्या जिभेला काय लकवा मारला होता?" हे ती किती वेळा म्हणाली असेल याची गणती नाही. जेवताना म्हणायची, टेम्पोत म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची. वहिनी खडे चाळता चाळता मान डोलवायची.

या रागातूनच ते कपाट जन्माला आलं. भट्टी शिकलेली इंजिनियर, एका मोठ्या कंपनीत थंडाव्याच्या यंत्रांवर काम केलेली. ते सोडून ती वडिलांच्या टाक्या बनवायच्या कारखान्यात परत आली आणि भावाला म्हणाली, "विजेशिवाय चालणारं कपाट बनवायचं. वीज गेली तर गेली उडत." भाऊ बिचारा गरीब. तो हो म्हणाला, आणि त्या दिवसापासून टेम्पो चालवायला लागला तो चालवतोच आहे.

कपाटाची युक्ती अशी. आत पाण्याचं एक बंद भांडं. कपाटाच्या डोक्यावर पांढुरक्या दगडाच्या खड्यांनी भरलेली पोलादी टाकी. दोघांच्या मध्ये नळी, आणि नळीला कॉक. हा दगड डोंगर खणून निघतो, झिओलाइट म्हणतात त्याला. दिसायला साधा, पण त्याच्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक बिळं असतात. तो नीट वाळवला की त्याला अशी तहान लागते की विचारू नका. हातपंपानं आतली हवा काढून घ्यायची आणि कॉक उघडायचा. दगड भांड्यातल्या पाण्याची वाफ ओढून घेतो, आपल्या बिळांच्या भिंतींना चिकटवून ठेवतो, आणि वाफ होता होता मागे उरलेलं पाणी गारठत जातं, पार बर्फ होईपर्यंत. दगडाचं पोट भरलं की टाकी तापवायची. वाफ परत भांड्यात उतरते, आणि थंड झाला की दगड पुन्हा तहानेला.

दगड जिवंत आहे की नाही, हे बघायची कारखान्याची आपली पद्धत होती. वाळवलेले चार खडे तळहातावर घ्यायचे आणि वर चमचाभर पाणी टाकायचं. दगड चांगला असला तर पाणी पिता पिता तापतो, हाताला चटका बसतो. "पाणी टाकलं की भडकतो," असं ग्राइंडरवाला म्हणायचा, आणि इकडेतिकडे बघून पुढचं गिळून टाकायचा.

तर त्या दिवशी कपाट दवाखान्यात नेऊन ठेवलं होतं. मागच्या खोलीत, औषधांच्या फळ्यांशेजारी. जुने डॉक्टर केव्हाच बदलून गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, बोलण्याआधी चष्मा काढून पुसणाऱ्या. वेल्डर पंपाजवळ उकिडवा बसला होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. टाकीचा, नळीचा, भांड्याचा एकूण एक सांधा त्याच्या हातचा. वहिनी खिडकीशी उभी होती. आणि दारात होती ती नर्स. तीच. भट्टीनं आत येताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, आणि न बघणं इतकं जोरात केलं होतं की नर्स भिंतीला चिकटली होती.

"बघा आता," भट्टी म्हणाली आणि तिनं कॉक उघडला.

दाबाच्या घड्याळाचा काटा तळाशी होता. तो हलला. तळाशीच राहायला हवा होता, पण तो वर सरकू लागला. कपाटातला थर्मामीटर मात्र होता तिथंच ठाम. भट्टीनं भांड्याला हात लावला. ते खोलीइतकंच कोमट होतं.

"गळतंय," ती म्हणाली.

"ताई, जरा थांबून बघू या," मिस्त्री म्हणाला.

"काय थांबून? हवा आत शिरतेय, डोळ्यांनी दिसतंय! सांधे मारलेत की चिखल थापलाय?"

"सांधा गळत नाही. मी साबण लावून बुडबुडे—"

"साबण लावून तोंड धुवा! इथं बायका मरायच्या वेळेला हे कपाट लागणार आहे, मिस्त्री. तुमच्या घरच्या बादलीला ठिगळ नाही लावायचंय! डॉक्टरांसमोर माझं नाक कापलंत."

ती बोलत गेली. कॉक बंद केला, पंपाची नळी उपटली, आणि मिस्त्रीचा डॉक्टरीणबाईंसमोर, नर्ससमोर, बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांसमोर असा पाणउतारा केला की बाकावरच्या एका म्हातारीनं स्वतःचीच चूक असल्यासारखी मान खाली घातली. वहिनीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. भट्टीनं नुसतं वळून बघितलं. वहिनीनं तोंड मिटलं.

मिस्त्रीनं पाने पिशवीत भरले आणि तो उठला. "सांधा माझा आहे," तो म्हणाला. "गळत असेल तर हात तोडून देईन."

"हात घेऊन काय लोणचं घालू? सांधा द्या!"

तो गेला. टेम्पोतून न येता चालत गेला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "बाई," त्या म्हणाल्या, "उन्हाळा तोंडावर आलाय. मागच्या उन्हाळ्यात मी शहरातून बर्फाच्या पेट्या मागवत होते. त्या येईपर्यंत निम्म्या वितळायच्या. तुमचं कपाट चाललं तर मला हवंच आहे. पण चाललं नाही, तर मी विश्वासानं आत औषध ठेवू शकत नाही. अजून एकदा घेऊन या. एकदाच."

कपाट पुन्हा टेम्पोत चढवून तिघं परत निघाले. भाऊ रस्त्याकडे बघत होता, वहिनी आपल्या हातांकडे. भट्टी मधे बसून दातओठ खात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात आली. गळका सांधा शोधून तो मिस्त्रीच्या नाकासमोर धरायचा, हा बेत. काल रात्री कपाट कारखान्यात उतरवून निघताना तिनं कॉक पुन्हा उघडाच ठेवला होता, म्हणजे रात्रभरात हवा आत भरून काटा पार वर टेकेल आणि कुणाला बोलायला जागा राहणार नाही. तिनं दिवा लावून घड्याळाकडे बघितलं.

काटा काल होता तिथंच होता.

ती बघत राहिली. हवा गळत असती तर काटा थांबलाच नसता. वर वर जात टोकाला टेकला असता. काटा थोडा चढून थांबला, याचा अर्थ आत हवा नाही, नुसती पाण्याची वाफ आहे. भांड्यातून निघालेली वाफ कुणी प्यायलीच नाही, म्हणून ती तिथंच ताटकळत बसली. हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनंच हे कारखान्यातल्या पाटीवर खडूनं काढून सगळ्यांना शिकवलं होतं, वर "काटा थांबतो का ते आधी बघा, मग बोंबला" असंही लिहिलं होतं. पाटी अजून तिथंच होती. काल तिनं थांबून बघितलं नव्हतं, आणि बोंबलून मात्र घेतलं होतं.

लाज वाटली का? वाटली. पण भट्टीची लाज फार वेळ लाज म्हणून राहत नसे, लगेच रागात बदलायची. तिनं टाकीचं झाकण खोललं, चार खडे तळहातावर घेतले, चमचाभर पाणी टाकलं. काही नाही. खडे नुसते ओले झाले. रस्त्यावरची खडी परवडली, ती उन्हानं तरी तापते. त्यांनी रात्रभरात पाणी प्यायलं असेल म्हणून तिनं मूठभर खडे बारीक आचेवर नीट वाळवले, गार होऊ दिले आणि पुन्हा पाणी टाकलं. थंडगार. दिसायला मात्र तेच पांढुरके, तसेच खरखरीत.

"खाणवाला!" ती एकटीच ओरडली, आणि फोन उचलला.

खाणवाला नुकता उठला असावा. त्याला 'हॅलो' म्हणायचीही सवड मिळाली नाही. डोंगराच्या भलत्याच थरातला दगड पोत्यात भरून पाठवलास, तुझ्या सात पिढ्यांनी दगडच फोडले पण तुला दगड ओळखता येत नाही, असं बरंच काही तो ऐकत राहिला. शेवटी तिला दम लागला तेव्हा म्हणाला, "बाई, थर तोच आहे. तुमच्याकडे पोत्यात उरला असेल ना? तो वाळवून बघा की. भडकला नाही तर मी येऊन तुमच्या दारात उभा राहतो."

पोत्याच्या तळाशी दोन ओंजळी दगड उरला होता. तिनं तो वाळत ठेवला. पद्धत सगळ्यांना पाठ होती. खाणीतला कच्चा दगड ओलाचिंब असतो. आधी बारीक आच. वर काच धरायची, काचेवर धुकं येईनासं झालं की मगच आच वाढवायची. या खाणीचा दगड नाजूक. ओला असताना मोठी आच दिली तर आतली वाफ बाहेर पडायच्या आधीच त्याची बिळं ढासळतात, आणि एकदा ढासळली की ढासळली. दगड तसाच दिसतो, पण पुन्हा जन्मात पाणी पीत नाही.

दुपारपर्यंत ती त्या दोन ओंजळींपाशी धुसफुसत बसून होती. माणसं येऊन मुकाट कामाला लागली. मिस्त्री आला नाही. खडे गार झाल्यावर तिनं त्यातले चार तळहातावर घेतले आणि पाणी टाकलं. क्षणभर काही नाही, आणि मग असा चटका बसला की खडे तिच्या हातातून उडाले आणि फरशीवर टणटणत गेले.

म्हणजे सांधा चांगला. दगड चांगला. मग राहिली वाळवणी. वाळवणी करायची वहिनी.

"वहिनी!"

ग्राइंडर बंद झाला. वहिनी चाळण हातात घेऊन आली.

"तू मारलास दगड," भट्टी म्हणाली. "एवढं एक काम तुझ्याकडे दिलं होतं. एक! बारीक आच, काच धर, धुकं बघ. शाळेतल्या पोरालाही जमेल! आणि तू, तू करतेस असं? तुझ्यासाठी मी नोकरी सोडली, तुझ्यासाठी इतकी वर्षं मर मर मरतेय, आणि तुला जरा लक्ष देता येत नाही? कुठं होतं लक्ष? काल तिथं उभी राहून बघत होतीस, मी मिस्त्रीला फाडत होते आणि तू—"

"आच तू मोठी केलीस," वहिनी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण लग्न होऊन घरात आल्यापासून वहिनीनं तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं, आणि कारखान्यातल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं.

"काय?"

"तू मोठी केलीस. पोती ओली होती, पाणी गळत होतं त्यांतून. मी बारीक आचेवर ठेवलं होतं. काचेवर नुसता पूर येत होता. तू आलीस, कानाला फोन होता. म्हणालीस, 'हा काय मेणबत्तीचा उजेड लावलाय? परवा दवाखान्यात जायचंय!' आणि चावी पुरी फिरवलीस. मी म्हटलं, वन्सं, अजून वाफ. तू म्हणालीस, 'मला अक्कल शिकवू नकोस.' मी चावीकडे हात नेला तर हातावर चापट मारलीस. आठवतंय?"

भट्टीला आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. फोनवर थर्मामीटरवाला होता, तो उद्या देतो म्हणत होता, आणि तिचं अर्धं डोकं त्याला शिव्या घालण्यात गुंतलं होतं. चावी फिरवली होती. जाता जाता पंखा बंद करावा तशी. हातावर चापट मारल्याचंही आठवलं.

"मग बोलली का नाहीस?" ती ओरडली. ओरडताना तिचा आवाज फाटला. "नंतर तरी! रात्री! दुसऱ्या दिवशी! टाकी भरायच्या आधी! एक वाक्य बोलायला तुझ्या जिभेला काय—"

ती थांबली. हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की पुढचे शब्द आपोआप तोंडात आले होते. ते तिनं तिथंच अडवले.

"लकवा मारला होता," वहिनीनं पुरं केलं. तिनं चाळण खाली फेकली. "म्हण ना. थांबलीस का? मी हातावर घेऊन बघितला तो दगड. थंड होता. 'दगड मेलाय.' दोन शब्द होते माझे. नर्सचे तीन होते, माझे दोनच! दोनदा आले मी तुझ्या टेबलापाशी. एकदा तू पाइपवाल्याची सालटी काढत होतीस. दुसऱ्यांदा मी काही बोलायच्या आत म्हणालीस, 'आता कुणी रडगाणं घेऊन आलं तर याद राखा.' मी परत गेले. आणि मेलेला दगड टाकीत भरला. मी! मेलेलं औषध अंगात गेलं की काय होतं ते या कारखान्यात मला ठाऊक आहे, आणखी कुणाला नाही. तरी मी भरला, आणि वर झाकण लावलं. काल मिस्त्रीला तू ओरबाडत होतीस, ते उभी राहून बघितलं. तोंड उघडलं, तू नुसतं बघितलंस, आणि मिटलं."

"वहिनी..."

"ऐकून घे. इतकी वर्षं तू त्या नर्सच्या नावानं खडे फोडतेस आणि मी मान डोलवते. मलाही वाटायचं, काय दगडाच्या काळजाची बाई असेल. काल ती दारात उभी होती आणि मी खिडकीत, आणि मला कळलं, आम्ही दोघी एकच. तिला औषधाचं कळत नव्हतं असं नाही. तिला फक्त त्या डॉक्टरचं तोंड आठवलं. तो डॉक्टर बदलून गेला म्हणतेस ना? तो कुठंही गेला नाही. तो इथं येऊन बसलाय, आणि माझ्यासाठी कपाट बनवतोय. नको मला असलं कपाट!"

वहिनी रडत नव्हती. ती सरळ भट्टीच्या डोळ्यांत बघत होती. कोपऱ्यात भाऊ उभा होता, हातात टेम्पोची किल्ली. तो जन्मात पहिल्यांदाच बहिणीच्या बाजूनं काही बोलला नाही.

भट्टीनं वाळवणीच्या कढईला लाथ मारली. खडे सगळ्या फरशीवर पसरले. मग ती शटरखालून वाकून बाहेर गेली आणि रस्त्यावर उभी राहिली. राग तेवढाच होता, काडीमात्र कमी झालेला नव्हता. पण आजवर त्याला कुणाकडे तरी जाता येत होतं. मिस्त्रीकडे गेला, खाणवाल्याकडे गेला, वहिनीकडे गेला, आणि तिन्ही दारांवरून परत आला. आता तो आणि ती, दोघंच रस्त्यावर उभे होते. तिला स्वतःची इतकी चीड आली की ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायचं कुणावर हे कळेना.

आत फरशी झाडल्याचा आवाज आला. खडे सुपलीत गोळा होत होते. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले, दबक्या आवाजात नाही, चांगले मोकळे. तिच्यामागे ते असे हसतात हे तिला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ती मिस्त्रीच्या घरी गेली. तो दारातच खुर्ची टाकून बसला होता. त्यानं उठून तिला खुर्ची दिली नाही.

"सांधा चांगला होता," ती उभ्यानंच म्हणाली. "दगड मेला होता. मी मारला. आच मोठी केली होती. चुकले मी, मिस्त्री."

"हे इथं सांगताय," मिस्त्री म्हणाला. "गळतंय म्हणालात ते कुठं म्हणालात?"

तिच्या ओठावर उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं, आणि ते गिळायला फार जड गेलं. "दवाखान्यात."

"मग तिथंच सांगा. डॉक्टर असतील तेव्हा. बाकावर माणसं असतील तेव्हा. मग मी येतो."

खाणवाल्यानं नवीन पोती पाठवली. तिनं त्याला फोन करून चूक कबूल केली तेव्हा तो इतका घाबरला की बाईंची तब्येत बरी नाही का, असं त्यानं भावाला विचारून घेतलं. वाळवणी वहिनीनंच केली. शेगडी पेटवून आच बारीक केली, आणि मग तिनं शेगडीची चावी ओढून काढली आणि आपल्या खिशात टाकली.

"आच वाढवायची असेल तर माझ्याकडे यायचं, वन्सं," ती म्हणाली. "आणि मी नाही म्हणणार आहे."

'वन्सं' परत आलं होतं. भट्टी बाजूला स्टुलावर बसली. काचेवर धुकं येत होतं, पुसलं की पुन्हा येत होतं. उन्हाळा तोंडावर, डॉक्टरीणबाईंनी दिलेली एकच संधी, आणि समोर ही गोगलगाय झालेली शेगडी. तिचे हात इतके शिवशिवत होते की ती त्यांच्यावर बसली. ग्राइंडरवाल्यानं ते बघितलं आणि तोंड फिरवून तो खांदे हलवत हसत राहिला.

दगड वाळला. वहिनीनं चार खडे भट्टीच्या तळहातावर ठेवले आणि पाणी टाकलं. चांगलाच चटका बसला. या खेपेला भट्टीनं हात झटकला नाही.

दवाखान्यात बाकावर माणसं होती. भट्टीनं मागच्या खोलीत जायच्या आधी दारातच उभं राहून, तिच्या नेहमीच्याच आवाजात, सांगून टाकलं, "परवा मी मिस्त्रींना बोलले, त्यांचा सांधा गळतो म्हणाले. सांधा गळत नव्हता. चूक माझी होती. मी दगड जाळला आणि खापर त्यांच्यावर फोडलं." बाकावरच्या माणसांना काही कळलं नाही. एकानं तरीही बरं म्हटलं. मिस्त्री पिशवी घेऊन आत गेला आणि पंपाशी उकिडवा बसला.

कॉक उघडला. काटा थरथरला आणि तळाशीच बसून राहिला. वरची टाकी तापत गेली. खालच्या भांड्यावर आधी दव धरलं, मग पांढरी साय. थर्मामीटर खाली खाली उतरत गेला. डॉक्टरीणबाईंनी भांड्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. मग चष्मा काढला, पण पुसायला विसरल्या. वहिनी कपाटाचं दार उघडून आतल्या रिकाम्या फळीकडे कितीतरी वेळ बघत होती.

नर्स दारातच होती, भिंतीला चिकटून. भट्टी तिच्याकडे वळली तशी ती अर्धं पाऊल मागे सरकली. भट्टीच्या कपाळावर आठ्या तशाच, आवाजही तसाच, भांडायला आल्यासारखा.

"कपाट तुझ्या ताब्यात राहणार आहे ना?"

"हो बाई."

"रोज हा थर्मामीटर बघायचा. वर गेला, घड्याळाचा काटा हलला, काहीही बिघडलं, तर मला फोन करायचा. त्याच मिनिटाला. मी ओरडेन."

नर्सची नजर थर्मामीटरवर गेली.

"ओरडेनच मी. माझा स्वभाव आज सुधारणार नाही, आणि उद्याही नाही. मी ओरडले तरी सांगायचं. फोन ठेवला तर पुन्हा करायचा. कळलं?"

नर्सनं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं मान हलवली.

"मग आत्ताच सांगते," नर्स म्हणाली. "दार नीट बसत नाहीये. खालच्या कोपऱ्यात फट आहे. मी परवाच बघितली होती."

मिस्त्रीचा पंपावरचा हात थांबला. वहिनी वळली. परवाच बघितली होती! भट्टीच्या तळपायाची आग निघाली, गुडघ्यापर्यंत आली, छातीपर्यंत आली. तिचं तोंड उघडलं. खोलीतली सगळी माणसं त्या उघड्या तोंडाकडे बघत होती.

"कुठं?" ती म्हणाली, आणि नर्सच्या पायाशी फरशीवर गुडघे टेकून बसली. "दाखव."